सारे खानदान एका दस्तरखानावर

लग्न आणि मय्यत, या दोनच निमित्तांनी आता खानदान एकत्र येते. लग्नात कुणाला बोलायला सवड नसते आणि मय्यतीत बोलावेसे वाटत नाही. निकाह होतो, जेवण होते, कुणीतरी विचारते, "हा मुलगा कुणाचा?" उत्तर येईपर्यंत गाडीची वेळ झालेली असते. नांदेड-लातूरकडच्या कितीतरी घरांत चुलत-मावस भावंडांची मुले एकमेकांना फक्त मोबाईलवर आलेल्या ईद मुबारकच्या चित्रांवरून ओळखतात.

म्हणून आम्ही, म्हणजे आमच्या खानदानाच्या नांदेड आणि लातूर या दोन शाखांनी ठरवले की ना लग्न, ना अकीका, ना चाळिसावा, केवळ भेटण्यासाठी भेटायचे. दोन दिवस आणि एक रात्र. हैदराबाद, पुणे, औरंगाबाद आणि आखातातल्या माणसांनाही बोलवायचे. तयारीला पाच महिने लागले. त्यात काय काय करावे लागते, कुठे वेळ द्यावा लागतो आणि कुठे उगाच खर्च होतो, हे इतर घरांना उपयोगी पडेल म्हणून येथे मांडत आहोत.

आधी यादी, मग हॉल

अशा बेताची सुरुवात बहुतेक घरांत हॉल आणि बिर्याणीपासून होते. आम्ही यादीपासून केली, कारण भांडण असो वा प्रेम, ते यादीतच असते.

जुन्या घरांत शजरा असतो. कुठे ट्रंकेत गुंडाळून ठेवलेला, कुठे कुणा बुजुर्गाच्या तोंडी. महाराष्ट्रात कोकणस्थ घराणी आपले कुलवृत्तांत छापतात, कुलसंमेलने भरवतात. आपल्याकडे ते काम शजऱ्याने केले. पण तो उलगडून पाहिला की लक्षात येते, त्यात बहुधा पुरुषांचीच नावे आहेत. बाप, बेटा, पोता. मुलगी लग्न होऊन गेली की कागदावरूनही गेली. आमच्या शजऱ्यात चार पिढ्यांतल्या एकाही फुप्पीचे नाव नव्हते.

आपल्या दीनमध्ये नाती जोडून ठेवण्याला सिलारहमी म्हणतात. त्यातला 'रहम' हा शब्द मूळ अरबीत आईच्या गर्भाशयासाठी आहे. म्हणजे नात्याचे नावच आईवरून पडले आहे, आणि आम्ही यादी करताना आईकडची आणि मुलीकडची माणसे 'बाहेरची' म्हणून सोडून द्यायची? आमच्या यादीत लेकी आल्या, जावई आले, लेकींची मुले आणि त्यांच्या सुनाही आल्या. माणसे दुप्पट झाली. खर्चही वाढला. पण ज्या भेटीत फुप्पी नाहीत त्या भेटीत घरातले अर्धे किस्से सांगणारे कुणी उरत नाही, हे ज्यांनी आपल्या फुप्पीला बोलताना ऐकले आहे त्यांना समजावून सांगायला नको.

यादीचे काम दोन मुलींकडे दिले, एक नांदेडची, एक लातूरची, दोघी कॉलेजात शिकणाऱ्या. त्यांनी आधी साठीच्या पुढच्या प्रत्येकाला फोन केला, तरुणांना नंतर. प्रत्येकाला एकच प्रश्न: तुम्हाला माहीत असलेल्यांपैकी असे कोण आहे ज्याचा नंबर कुणाकडे नाही? या एका प्रश्नाने आदिलाबादकडची एक शाखा सापडली, जिच्याशी तीस वर्षांत बोलणे नव्हते. ना भांडण, ना राग. फक्त घराचा फोन बंद झाला आणि नवा नंबर कुणी घेतला नाही. शेवटी तेवीस घरे आणि ११८ माणसे झाली.

निमंत्रण ग्रुपवर टाकून मोकळे होऊ नये. ग्रुपवर टाकलेली दावत सगळ्यांना असते, म्हणून ती कुणालाच नसते. सत्तरीच्या पुढच्यांकडे घरी जाऊन सांगितले, बाकीच्यांना फोन केले, ग्रुपवर फक्त तारखा आणि गाड्यांच्या वेळा दिल्या.

जे येणार नाहीत असे वाटते, त्यांच्याकडे आधी

प्रत्येक खानदानात अशी दोन-तीन माणसे असतात. कुणी मुलीच्या मंगनीवरून दुखावलेले, कुणी कर्जाच्या पैशावरून, आणि आपल्या भागात सर्वात जास्त जमिनीवरून. 'त्यांना बोलावले तर ते येणार नाहीत आणि आले तर हे येणार नाहीत' असे म्हणून दोघांनाही यादीतून वगळण्याची पद्धत आहे. त्याने भेट शांततेत पार पडते खरी, पण ती भेट मग खानदानाची राहत नाही, आधीच पटणाऱ्या चार घरांची होते.

आमच्याकडे प्रश्न सर्वात थोरल्या फुप्पीचा होता. वय ऐंशीच्या पुढे, राहणार लातूर. वडिलांच्या पश्चात भावांनी तिची हक्कसोडपत्रावर सही घेतली होती. आपल्या भागात हे इतके सर्रास चालते की त्यात कुणाला काही वावगे वाटत नाही. तलाठ्याच्या नोंदीत कागद बिनचूक असतो, बहिणीनेही 'भाई का घर बना रहे' म्हणून हसत सही केलेली असते. पण सूरह निसामध्ये मुलीचा हिस्सा स्पष्ट ठरवून दिलेला आहे आणि तो ईदीसारखा मर्जीने द्यायचा नाही. फुप्पी अकरा वर्षे नांदेडला आल्या नव्हत्या. भांडल्या कधीच नाहीत. फक्त यायच्या बंद झाल्या.

त्यांच्याकडे आमची मधली पिढी तीनदा गेली. पहिल्या वेळी चहा मिळाला, विषय निघाला नाही. दुसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "मैं दावत खाने नै आतूं." तिसऱ्या वेळी नांदेडचे बडे अब्बा स्वतः गाडीत बसून गेले. दोघे काय बोलले ते आम्हाला ठाऊक नाही, दार लोटलेले होते. बाहेर आल्यावर एवढेच कळले की जमिनीचा विषय भेटीच्या दोन दिवसांत काढायचा नाही आणि भेटीनंतर महिन्याच्या आत तिघांसमोर बसून काढायचा. तिघांची नावेही तेव्हाच ठरली.

ही अट प्रत्येक घराने आधीच घालून घ्यावी असे आमचे ठाम मत आहे. वाटणी, हिस्सा, उधारी, मुलामुलींच्या मंगन्या, यातले काहीही भेटीच्या दिवशी नको. पण 'तो विषय नको' एवढे म्हणून थांबणे म्हणजे ज्याचे येणे आहे त्याला पुन्हा गप्प बसवणे. विषय कधी आणि कुणापुढे निघेल याची तारीख हातात असली तरच दुखावलेला माणूस दोन दिवस निवांत बसू शकतो.

सहीह बुखारीतली एक हदीस आपल्याला माहीत असते. तिचा आशय असा की जो बरोबरीने परतफेड करतो तो नाते जोडणारा नव्हे. तोडले गेल्यावरही जो जोडतो, तो खरा नाते जोडणारा. जुम्याच्या बयानात ती ऐकायला छान वाटते. लातूरच्या त्या जिन्यावरून तिसऱ्यांदा वर चढताना जड वाटते.

तारीख, वाट आणि पाणी

तारखेवर आम्ही सर्वात जास्त वाद घातला. शाळांना सुट्टी हवी, नोकरदारांना रजा हवी आणि ऊन सोसण्याजोगे हवे. या तिन्ही गोष्टी मराठवाड्यात एकत्र सापडत नाहीत. आखातातल्या आपल्या मुलांच्या शाळा जुलै-ऑगस्टमध्ये बंद असतात, त्या वेळी आपल्याकडच्या शाळा भरात असतात. आपली मोठी सुट्टी मेच्या सुरुवातीपासून जूनच्या मध्यापर्यंत, आणि त्या दिवसांत नांदेडचा पारा चाळिसाच्या कितीतरी वर असतो. आम्ही दिवाळीची सुट्टी घेतली. थंडी नुकती सुरू झालेली, विहिरींना पाणी, रस्त्याच्या कडेला अजून हिरवे. बुजुर्ग आणि लहान मुले मोठ्या संख्येने असतील तर हीच वेळ उत्तम.

मात्र पुढच्या काही वर्षांत एक दुर्मीळ संधी आहे. चांद्र वर्ष सौर वर्षाहून सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून ईद दरवर्षी अलीकडे सरकते. २०२६ मध्ये बकरी ईद मेच्या अखेरीस, २०२७ मध्ये मेच्या मध्याला आणि २०२८ मध्ये मेच्या पहिल्या आठवड्यात येते. नेमका दिवस अर्थातच चांद दिसण्यावर. म्हणजे ऐन उन्हाळी सुट्टीत. २०२९ मध्ये ती एप्रिलच्या परीक्षांत जाईल. असा योग यापूर्वी १९९४-९५च्या सुमारास होता आणि पुन्हा यायला तीस-बत्तीस वर्षे जावी लागतील. ज्यांची माणसे ईदलाच रजा काढून येऊ शकतात त्यांनी हा योग साधावा. फक्त कुर्बानीचे तीन दिवस प्रत्येक घर आपापल्या कामात असते, तेव्हा भेट चौथ्या दिवसानंतर ठेवावी. आणि मे असेल तर कार्यक्रम फजरनंतर नऊ-दहापर्यंत, मग थेट असरनंतर. दुपारी सगळ्यांनी झोपावे. दुपारच्या उन्हात मंडपाखाली भाषणे ठेवणाऱ्या घरांची आम्हाला भीती वाटते.

जागेचे आमच्याकडे लवकर जमले. नांदेडला भरवली असती तर लातूरकर पाहुणे झाले असते आणि लातूरला भरवली असती तर नांदेडकर. मग कोण कुणाच्या दारी गेले याचा हिशोब पुढची दहा वर्षे चालला असता. दोन्ही शहरांत रस्त्याने सुमारे १४० किलोमीटरचे अंतर, लोहा, अहमदपूर, चाकूर अशी वाट. अहमदपूर जवळजवळ मध्यावर. तिथे एक शादीखाना घेतला, शेजारी दोन ओळखीची घरे बुजुर्गांच्या मुक्कामासाठी. यजमान कुणीच नाही, सगळेच मुसाफिर. जुमेरातला लग्न नसेल तर शादीखान्याचे भाडेही कमी करून मिळते, विचारायला लाजू नये.

रेल्वेने नांदेडहून लातूरकडे यायचे तर परभणी, परळी, लातूर रोड असा वळसा पडतो, म्हणून आपसांत एसटीच सोपी. महाराष्ट्रात महिलांना एसटीत निम्मे तिकीट आहे आणि ७५ वर्षांवरील बुजुर्गांना प्रवास मोफत, त्यामुळे आमच्या बऱ्याच घरांचा प्रवास अपेक्षेपेक्षा स्वस्तात झाला. आधारकार्ड मात्र सोबत हवे. पन्नासच्या आसपास माणसे एकाच गावाहून निघणार असतील तर आगारात जाऊन प्रासंगिक करारावर अख्खी गाडी घेता येते. लग्नाला घेतो तशीच. मुंबई-हैदराबादकडून रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवायचे की आरक्षण आता साठ दिवस आधी उघडते. पूर्वी ते १२० दिवस होते, नोव्हेंबर २०२४ पासून बदलले. तेव्हा तारीख निदान चार महिने आधी पक्की हवी, नाहीतर दिवाळीत आणि ईदेत प्रतीक्षायादीच हाती येते.

पाण्याचा विचार आमच्यातल्या लातूरकरांनी सर्वात आधी मांडला आणि ते साहजिक आहे. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी लातूरला आली, दहा वाघिणी आणि सुमारे पाच लाख लिटर पाणी. त्या उन्हाळ्यात पाण्याच्या टाक्यांजवळ जमावबंदी लावावी लागली होती. ज्या घराने तो उन्हाळा काढला आहे ते घर पाहुणे मोजताना आधी घागरी मोजते. साधा हिशोब असा: उन्हाळ्यात माणशी तीन ते चार लिटर पिण्याचे पाणी धरले तर शंभर माणसांना दिवसाला वीस लिटरचे पंधरा ते वीस जार. वुजू, आंघोळ, भांडी यांचे पाणी वेगळे. त्यासाठी एक टँकर आधीच सांगून ठेवावा. वुजूसाठी तोट्यांऐवजी तांब्या-बादली ठेवली तर पाणी निम्मे लागते. मुलांनाच तिथे पहारेकरी नेमले होते, आणि त्यांनी एका चाचांनाही सोडले नाही.

दोन दिवस चूल बंद

आमच्या नियमांतला सर्वात गाजलेला नियम हा, की घरातल्या एकाही बाईने दोन दिवस स्वयंपाकाला हात लावायचा नाही. आपल्याकडे खानदान जमते म्हणजे पुरुष ओट्यावर जमतात आणि बायका चुलीपाशी. पन्नास माणसांचा कांदा चिरता चिरता दोन जावा बोलतात तेवढीच त्यांची भेट. मग घरी जाताना त्या म्हणतात, "फार छान झाले, पण कंबर गेली." याला भेट म्हणायला आम्ही तयार नव्हतो.

नांदेडहून बावर्ची बोलावला, दोन मदतनीस घेऊन. बेत साधाच ठेवला. पहिल्या रात्री तहारी आणि खट्टा, कारण प्रवासातून आलेल्यांना एका देगचीत भागणारे हवे. सकाळी खिचडी-खीमा. दुसऱ्या दिवशी दुपारी बगारा खाना आणि मटणाचा दालचा. साखरेचा आणि रक्तदाबाचा त्रास असणाऱ्यांसाठी ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी दोन्ही वेळा. तांदळाचा अंदाज माणशी शंभर ते सव्वाशे ग्रॅम धरतात; आमच्या ११८ माणसांत तीस-एक लहान मुले होती, म्हणून बावर्चीने बारा किलो सांगितले आणि ते बरोबर निघाले. बिर्याणी मुद्दाम ठेवली नाही. ती लग्नात मिळतेच. दालच्यात कद्दू असावा की नसावा यावर नांदेड आणि लातूर यांच्यात रात्री अकरापर्यंत जी चर्चा झाली तिच्यातून काहीही निष्पन्न झाले नाही.

दस्तरखान दोन अंथरले, एक पुरुषांचा, एक बायकांचा, आणि दोन्हीकडे एकाच वेळी गरम जेवण. आधी मर्द, मग उरलेल्यात औरतें, ही पद्धत कुठून आली ठाऊक नाही. तिला ना कुठला आधार आहे ना कारण. वाढायला पंधरा ते पंचवीस वयाची सगळी मुले. ती आधी कुरकुरली, मग चढाओढीने वाढू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरुषांची भाकरी थापण्याची स्पर्धा होती. परीक्षक सगळ्या फुप्पी आणि खाला. ज्वारीचे पीठ, गरम पाणी आणि परात एवढेच दिले. मोठमोठे हिशोब सांभाळणारे आमचे एक मामू परातीसमोर घामाघूम झाले, एका जावयाची भाकरी तव्यावर जाण्याआधीच दोन तुकड्यांत निघाली. पहिला नंबर पुण्यात एकटा राहून शिकणाऱ्या मुलाचा आला. तेव्हापासून त्याच्यासाठी स्थळे विचारणे सुरू आहे, जे आमच्या नियमांत बसत नाही.

मुलांना काय द्यायचे

मुलांसाठी मोबाईल काढून घेण्याचा प्रयत्न आम्ही केला नाही. त्यांना त्याहून चांगले काहीतरी दिले. आल्या आल्या प्रत्येक मुलाला एक कागद, त्यावर दहा प्रश्न. या खानदानात हज करून आलेले सर्वात तरुण कोण? नांदेडहून लातूरला लग्न होऊन गेलेल्या किती? उर्दू शाळेत शिकवलेले कोण? उत्तर एखाद्या मोठ्याला भेटूनच मिळणार आणि त्याची सही घ्यायची. संध्याकाळपर्यंत मुलांना निम्मे नातेवाईक पाठ झाले. रात्री बैतबाजी ठेवली. मराठी माध्यमातल्या मुलांना उर्दू शेर फारसे येत नव्हते, म्हणून मराठी कवितांनाही मुभा दिली. त्यावर एका दादीने नाक मुरडले, पण नंतर त्यांनीच शाळेतली एक मराठी कविता अखेरपर्यंत म्हणून दाखवली.

दुसऱ्या दिवशी निघताना नांदेडच्या वाटेवरून आत वळून कंधार पाहिले. राष्ट्रकूटांच्या काळापासूनचे हे गाव, खंदकाने वेढलेला किल्ला आणि हाजी सय्याह सरवर मखदूम यांची दर्गाह. लातूरकरांसाठी परतीच्या दिशेने औशाचा किल्ला आहेच. किल्ल्यावर बुजुर्ग चढणार नसतील तर त्यांना सावलीत बसवून त्यांच्यापाशी दोन तरुण थांबतील हे आधी ठरवावे.

ट्रंकेतले कागद

या सगळ्यात एक काम असे होते की जे पुढे ढकलता येणारे नव्हते. प्रत्येक घराला सांगितले होते की घरात जो काही जुना कागद असेल तो आणा: निकाहनामा, शाळेचा दाखला, सनद, पत्र, रेशनकार्ड, फोटो. आपल्या भागात हे कागद बहुतेक उर्दूत आहेत, कारण निजामाच्या राजवटीत दफ्तर आणि वरचे शिक्षण उर्दूत होते. ते वाचणारी पिढी आता ऐंशी-नव्वदीत आहे. खाली त्यांची नातवंडे मराठी आणि इंग्रजी वाचतात. मधे पूलच नाही. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी सरकारने समिती नेमली आणि निजामकालीन दफ्तरे उघडली गेली, तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची किती गरज भासली ते सर्वांनी पाहिले. घरच्या ट्रंकेची गत तीच आहे.

मग एक सतरंजी अंथरली. एका बाजूला बुजुर्ग, समोर एकेक नातू किंवा नात. ते वाचणार, हे मराठीत लिहून घेणार. एका पणजोबांच्या कागदांतला पत्ता मुलांना फार आवडला. अहमदपूरचाच माणूस. आधी जिल्हा बीदर, हैदराबाद रियासत. १९५६ मध्ये मुंबई राज्य. १९६० मध्ये महाराष्ट्र, जिल्हा उस्मानाबाद. १९८२ मध्ये जिल्हा लातूर. तो माणूस आयुष्यात कधी घर बदलून गेला नव्हता.

१९४८ चा विषय निघणार हे आम्हाला माहीत होते. त्या सप्टेंबरच्या पोलिस कारवाईनंतर आपल्या जिल्ह्यांत जे झाले त्याची पाहणी करायला केंद्र सरकारने पंडित सुंदरलाल यांच्या समितीला पाठवले होते. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या चार जिल्ह्यांना सर्वाधिक झळ पोहोचल्याचे समितीने नोंदवले. अनेक घरांच्या शाखा त्याच वर्षी हैदराबादला गेल्या, काही कराचीला, काहींचे नाव शजऱ्यात मधेच थांबते. त्या वेळी दहा वर्षांचे असलेले मूल आज नव्वदीकडे झुकले आहे.

याविषयी आम्ही तीन गोष्टी ठरवल्या होत्या. कुणालाही विचारून बोलते करायचे नाही. ज्यांना सांगायचे आहे त्यांनी बाजूच्या खोलीत, एका जवळच्या माणसापुढे सांगायचे, लहान मुलांसमोर नाही. आणि नोंद झाली तर ती त्यांच्या परवानगीशिवाय ग्रुपवर जाणार नाही. चौघांनी सांगितले. एक आजोबा आत गेले, पाऊण तास बसले आणि फक्त त्या वर्षी आपल्याला लपवून ठेवणाऱ्या शेजाऱ्याचे नाव लिहून घ्या म्हणाले. शेजारी मराठा होते. ते नाव आता आमच्या वहीत आहे.

फोटोंच्या प्रती काढून ज्यांच्याकडे नाहीत त्यांना देणे, हेही तिथेच झाले. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी-सास्तूरच्या बाजूला ज्यांची घरे कोसळली त्यांच्याकडे आधीचा एकही फोटो उरला नव्हता. नांदेडच्या अल्बममध्ये त्यांच्या आईचा लग्नातला फोटो निघाला. मूळ कागद मात्र ज्याचा त्याच्याकडेच परत गेला पाहिजे. मोबाईलवर प्रत काढा, कागद घेऊन जाऊ नका. जमिनीचे कागद असतील तर त्यांची प्रतही मालकाने 'हो' म्हटल्याशिवाय नको.

खर्च

खर्चाबद्दल थोडक्यात. माणशी वर्गणी ठेवली की सात मुलांचे गरीब घर मागे राहते आणि दोन माणसांचे सधन घर स्वस्तात सुटते. आम्ही दोन खजिनदार नेमले, एक चाचा आणि एक खाला. प्रत्येक घराने पाकिटात घालून आपल्या ऐपतीप्रमाणे द्यायचे. कुणी किती दिले ते या दोघांपलीकडे गेले नाही. ग्रुपवर देणगीदारांची यादी नाही, व्यासपीठावर सत्कार नाही. दुबईच्या एका भाच्याने सगळा खर्च मी करतो म्हणून सांगितले होते. त्याचे प्रेम मान्य, पण मग ती त्याची दावत झाली असती आणि बाकीचे त्याचे पाहुणे. त्याला फक्त टँकर आणि शादीखान्याचे भाडे दिले. ज्यांच्याकडून पैसे घ्यायचे नव्हते त्यांनी लोणचे, शेंगदाण्याची चटणी, घरचे तीळ असे काहीतरी आणले. रिकाम्या हाताने कुणी आले नाही.

थोरल्या फुप्पी दुसऱ्या दिवशी आल्या. पहिल्या दिवशी नाही. जुहरच्या आधी गाडीतून उतरल्या, बायकांच्या दस्तरखानावर मधोमध बसल्या, दालचा खारट आहे म्हणाल्या आणि दुसऱ्यांदा वाढून घेतला. असरनंतर बडे अब्बांच्या शेजारी खुर्ची टाकून बसल्या. बोलणे बहुतेक त्यांच्या आईबद्दल होते. जमिनीची बैठक ठरल्याप्रमाणे तीन आठवड्यांनी झाली. एका शेताचा हिस्सा त्यांच्या नावे लावण्याचे कागद झाले, घराच्या जागेचे अजून बोलणे चालू आहे.

पुढची भेट २०२७ च्या बकरी ईदनंतर पाचव्या-सहाव्या दिवशी ठरली आहे, लातूरच्या बाजूला. टँकर लातूरकरांकडे, वहीची दुसरी प्रत पुण्याच्या मुलीकडे, आदिलाबादच्या शाखेला आणण्याची जबाबदारी नांदेडकडे. हैदराबादच्या लोकांनी या वेळी आपला बावर्ची आणतो असे कळवले आहे. त्यावर नांदेडकरांची हरकत अजून मिटलेली नाही.